झाकणाखालची बोटं

अमरावती आणि अकोला मिळून मी जितक्या लोकांना टायपिंग शिकवलं, तितके सगळे बडनेऱ्याच्या फलाटावर आणून उभे केले तर गाडीला थांबायला जागा मिळणार नाही. संपादक म्हणतात, जरा कमी करून लिहा. बरं. गाडी थांबेल, पण उतरणाऱ्याला पाय ठेवता येणार नाही. याच्याहून कमी करणं मला जमत नाही.

माझी संस्था अमरावतीला, अंबागेटाच्या आत, एका तेलवाल्याच्या माडीवर होती. सहा मशीनी. त्यातली एक इतकी जड, की ती सरकवली की खालच्या दुकानातलं तेल पिंपात हिंदकळायचं. पोरं-पोरी शिकायला यायची, सहा महिन्यांत शिकून जायची. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कोऱ्या पाटीवर कोणीही लिहितो. माझी खरी कमाई म्हणजे म्हातारे.

राज्य मराठीचं झालं आणि कचेऱ्यांतून कागद मराठीत टाईप होऊन निघावेत असं ठरलं. तीस-तीस वर्षं टाक घासलेले कारकून एका सकाळी उठले तो त्यांच्यापुढे लोखंडी जनावर. वय झालेल्यांना म्हणे सूट होती. पण अकोल्याच्या एका कचेरीचे साहेब (कोणती ते विचारू नका, मी सांगणार नाही) सूट वगैरे मानणारे नव्हते. त्यांनी उन्हाळ्याचे दोन महिने मला अकोल्याला बोलावून घेतलं आणि पन्नाशीला टेकलेले अकरा कारकून, कचेरीच्या अकरा मशीनींसकट, माझ्या हवाली केले.

मराठी मशीन म्हणजे उलटा संसार. ‘कि’ लिहायचा तर वेलांटी आधी मारायची, क मागून. बरीचशी अक्षरं अर्धी. ख मारला की त्याला काना जोडून पुरा करायचा. हे सगळं न बघता. बघायला लागला की माणूस कोंबडीसारखा एक-एक दाणा टिपतो. म्हणून मी सुताराकडून लाकडी झाकणं करवून घेतली होती. कळांवर झाकण बसवायचं, पुढून दोन्ही हात आत घालायचे, नजर समोरच्या भिंतीवर. मग एकच ओळ शंभरदा. झाली? परत शंभरदा. हळूहळू डोकं झोपतं आणि बोटं जागी होतात. त्याला आम्ही हात बसणं म्हणतो.

तरण्या पोराचा हात रिकामा असतो. म्हाताऱ्याचा हात आधीच कशात तरी बसलेला असतो, तो उठवून दुसरीकडे बसवायचा. आमच्यात एक जमादार होते, वीस वर्षं शिपाई राहून मग कारकून झालेले. मशीनवर ओळ संपत आली की बारीक घंटा वाजते. ती वाजली की हे ताडकन उभे. “जी साहेब!” बसवलं की पुढच्या ओळीला परत उभे. एका पानाला तीस वेळा. शेवटी मी त्यांना उभ्यानंच शिकवलं आणि ते उभ्यानंच पास झाले. दुसरे एक पटवारी, कळ दाबण्याआधी बोट जिभेला लावायचे, जसं काही सात-बाराचं पान उलटायचं आहे. शाईची फीत बदलायलाही तेच बोट. आठ दिवसांत त्यांची जीभ अशी काळी झाली की बायकोनं वैद्य बोलावला.

हसण्यासारखंच होतं सगळं. वामनराव येईपर्यंत.

वामनराव त्या कचेरीतले हेडक्लार्क. वय त्रेपन्न. मे महिन्यातही कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यांची बायको अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली होती. तिचं धुणं-पुसणं, तिला भरवणं, सगळं स्वतः उरकून ते सकाळी सातला कचेरीत हजर. त्यांच्या नावानं साहेबांचा हुकूम निघाला होता : जूनच्या परीक्षेत पास व्हा, नाही तर खालच्या जागेवर धारणीला जा. तेव्हाची धारणी म्हणजे मेळघाटाचं पोट. डॉक्टर शोधायचा तर आधी रस्ता शोधावा लागे. अशा बाईला घेऊन तिथं जाणं म्हणजे तिला वाटेतच सोडण्यासारखं. आणि मागं ठेवायची तर कोणापाशी? मूल नव्हतं, भाऊबंद नव्हते.

“मास्तर,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “मले पास करा. बाकी तुमी सांगान ते करतो.”

उन्हाळ्याची कचेरी सकाळची, म्हणून क्लास दुपारी दीड वाजता. जागा म्हणजे कापसाच्या एका जिनिंगच्या आवारातली टिनाची खोली. हंगाम संपलेला, यंत्रं बंद, माणूस नाही. खिडकीबाहेर एक निंब, आणि त्याच्या बुडाशी वर्षभर उडालेल्या रुईचा वीतभर पांढरा थर. अकोल्याच्या मे महिन्यात दीड वाजता काय असतं ते बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. कावळे चोच उघडून बसतात. रस्ता पांढरा पडतो. मशीनची घंटा माणसानं न वाजवता वाजते, टिन तापून. आणि सगळीकडे अशी शांतता, की अकरा मशीनी खडखडत असताना सुद्धा ती ऐकू येते.

वामनरावांचा हात पंधरा दिवसांत बसला. इतक्या लवकर बसलेला म्हातारा हात मी पाहिला नव्हता. मी खुशीत त्यांचा कागद काढून वाचायला घेतला. ‘वरूडची संत्री गोड असतात’ ही ओळ मी दिली होती. पंचवीस वेळा बिनचूक. आणि तळाशी, एक ओळ सोडून :

अर्जदार हजर आहे.

मी म्हटलं, “वामनराव, हे काय? संत्र्यात अर्जदार कोठून आला?”

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. “हे मी नाही मारलं.”

“मशीन तुमची, हात तुमचा.”

“माह्या डोक्यात नव्हतं मास्तर. आईची आण.”

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी मी त्यांची मशीन बदलली. नवीन मशीनवर पहिलीच ओळ : अर्जदार हजर आहे. मग मी त्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधला, शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि उतारा तोंडानं सांगू लागलो. मी थांबलो तरी झाकणाखाली बोटं चालूच. टक-टक, टक. मी झाकणात माझा हात घातला आणि त्यांच्या बोटांवर ठेवला. वाचकहो, मी गोष्ट फुगवतो हे माझ्या घरच्यांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. इथं फुगवत नाही. अकोल्यात, मे महिन्यात, दुपारी पावणेदोनला ती बोटं माठाच्या बुडासारखी थंडगार होती.

त्याच वेळी बाहेर कोणीतरी घसा खाकरला. दाराशी उभं राहून, आत येऊ का असं विचारायच्या आधी माणूस खाकरतो तसा. मी उठून खिडकीतून पाहिलं. आवार रिकामं. पण निंबाखालच्या रुईच्या थरात एक खळगा पडला होता. माणूस उकिडवा बसून नुकताच उठला की पडतो तेवढा. येण्या-जाण्याची पावलं मात्र नव्हती. जमादारही बघायला उठले. त्यांनी खळगा पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून ते क्लासला येताना चांगला लांबून वळसा घालून येऊ लागले.

परीक्षेत एक शब्द जास्त पडला तरी चूक. अशा चार ओळी पडल्या की माणूस नापास. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. सगळे गेल्यावर मी वामनरावांना बसवून घेतलं.

“सांगा. कोण अर्जदार?”

बराच वेळ ते कोटाची बटणं चाचपत राहिले. मग बोलले ते भिंतीकडे बघून, आमच्या सरावाच्या सवयीनं.

“तीस वर्षं झाली. मी तेवीसचा. तिवशाकडच्या एका कचेरीत नवीनच लागलो होतो. गोमाजी म्हणून एक महार होता. त्याचं वावर दुसऱ्याच्या नावावर चढलं होतं, त्याचा अर्ज. तारीख होती. त्या लोकायले तवा ओसरीवर चढू देत नसत. तो कुंपणाबाहेर निंबाखाली बसला होता, सकाळपासून. त्याच्या नावाची पाळी आली दुपारी. शिपायानं तीनदा पुकारायचं असते, अंगणात जाऊन. ऊन मी म्हणत होतं. शिपायानं आतूनच पुकारलं, हळूच. बाहेर ऐकू जाणंच नव्हतं.”

“आणि तुम्ही?”

“मले तो खिडकीतून दिसत होता, मास्तर. डोक्यावर फडकं घेऊन बसला होता. हाक मारली असती तर त्याले खिडकीशी आणा, दुरून जबाब घ्या, मंग सगळ्यायनं हातपाय धुवा. आमची जेवायची वेळ टळून गेली होती. मी शेरा मारला : अर्जदार गैरहजर, अर्ज काढून टाकण्यात येतो.”

“मग?”

“कचेरी बंद होईपर्यंत तो बसून होता. मंग शिपायाले विचारलं, माहं नाव कवा येते? शिपाई म्हणे, आलं अन् गेलं.” वामनरावांनी आपला हात उलटा-पालटा करून पाहिला. “तो शेरा माह्या हातानं नंतर हजारदा लिहिला असन. खऱ्या गैरहजरायचा. हात बसला होता त्याच्यावर. कधी काही वाटलं नाही. आता तुमी हे झाकण ठेवलं.”

मी टायपिंगचा मास्तर. मंत्र-तंत्र मला येत नाहीत. पण चुकीचा हात बसला तर उपाय एकच, मागे जाऊन जिथं चुकलं तिथून परत करायचं, एवढं मला येतं. त्याच रविवारी आम्ही दोघं गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती, पुढे मोटारीनं तिवसा, आणि तिथून कोसभर चालत गोमाजीच्या गावी गेलो.

गोमाजी तीस वर्षांपूर्वीच, त्या तारखेच्याच वर्षी पावसाळ्यात, गेला होता. त्याचा मुलगा आता तिथल्याच शाळेत गुरुजी होता. सारवलेली ओटी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात पुस्तकं. आम्ही दाराशी थांबलो तर गुरुजी म्हणाले, “या नं आत. आमच्या घरी कोणाले बाहीर बसवत नाही.”

वामनरावांनी सगळं सांगितलं, बोटांचं सुद्धा. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमी आता भूत-खेत मानत नाही, साहेब. बाबा तुमच्या बोटात येऊन नाही बसले. तुमीच बसले तिथं.”

“वावर परत मिळावं म्हणून मी खटपट...”

“वावरात आता दुसऱ्याची संत्री आहे. सोडा ते. मले नोकरी आहे.” त्यांनी आतल्या अंधाराकडे मान वळवली. “तिले सांगा.”

आत बाजेवर त्यांची आई बसली होती. पांढरं लुगडं, हाताच्या शिरा दोरासारख्या. तिनं सगळं ऐकलं होतं.

“हा माह्यासमोर लहानाचा मोठा झाला,” ती लेकाकडे बोट करून म्हणाली, “अन् मी याले जलमभर सांगतलं, तुहा बाप झाडाखाली झोपला अन् आपलं वावर गेलं. गावानंबी तेच सांगतलं. मराच्या दिवशी तो मले म्हणे, मी जागाच होतो वं. मी म्हटलं, आता तरी खोटं बोलू नको. हेच माहं त्याच्यासंगं शेवटचं बोलणं.”

बाहेर कुठंतरी बकरी ओरडत होती.

“मी सांगतो नं, बाई,” वामनराव म्हणाले. “तो जागा होता. हजर होता.”

“लिहून द्या.”

इथं वामनराव अडखळले. सरकारी माणूस होते. स्वतःच्या खोट्या शेऱ्याचा लेखी कबुलीजबाब म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो कागद साहेबांच्या हाती पडला तर धारणी सुद्धा मिळायची नाही.

“तोंडी सांगतो गावापुढं,” ते म्हणाले. “पाहिजे तर चावडीवर.”

“तोंडी तर तवाबी पुकारलंच व्हतं,” म्हातारी म्हणाली.

परतीच्या मोटारीत मी वामनरावांना म्हटलं, “आधी परीक्षा होऊ द्या. कागदाचं मग बघू. तीस वर्षं थांबले, आणखी महिनाभर थांबतील.” माझ्या आयुष्यात मी हजारो थापा मारल्या, त्यातल्या एकीचीही मला लाज नाही. या एका शहाणपणाच्या वाक्याची आहे.

दुसऱ्या दिवसापासून वामनरावांची बोटं बंद पडली. झाकणाखाली हात घालून ते भिंतीकडे बघत बसायचे आणि आतून आवाजच यायचा नाही. मी बोटं शेकली, तेल चोळलं, पहिल्या धड्यापासून नव्यानं सुरुवात केली. एक अक्षर उमटेना. झाकण काढलं तर बोटं बरोबर आपापल्या कळांवर, फक्त दबत नव्हती. बाहेर रुईतला खळगा मात्र रोज असायचा. वाऱ्यानं रात्रीतून बुजला तरी दीड वाजता परत.

परीक्षा अमरावतीला होती. मशीन ज्यानं त्यानं आपली न्यायची, म्हणून वामनरावांसाठी मी माझ्या माडीवरची एक मशीन उचलून नेली आणि मांडून देऊन मागं उभा राहिलो. वेळ सुरू झाली. चाळीस मशीनी एकदम खडखडल्या. वामनराव हात कळांवर ठेवून बसलेले. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी समोरचा छापील उतारा उचलून उलटा ठेवला, आणि बोटं सुटली. मी आजवर इतक्या मशीनींचा आवाज ऐकला आहे की झोपेतही ओळ मोजतो. तसला आवाज परत ऐकला नाही. एका लयीत, कुठं अडणं नाही, जसं कोणी शेजारी बसून सांगतंय आणि यांनी फक्त उतरवायचं आहे. दहा मिनिटं संपली. परीक्षक हात पुढे करून उभे राहिले. वामनरावांनी मशीनमधला कागद काढून घडी केला, कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि परीक्षकांच्या हातावर एक कोरा कागद ठेवून नमस्कार केला.

“वामनराव, वहिनींचं काय?” मी जिन्यात त्यांना गाठलं.

“तिले सकाळीच सांगून आलो. बोलता येत नाही तिले. हो म्हणायचं असलं की डोळे मिटते.” ते दोन पायऱ्या उतरले. “मिटले तिनं.”

हुकूम व्हायचा तो झाला. पावसाच्या तोंडावर बाज मोटारीच्या टपावर बांधून, बायकोला मांडीशी धरून वामनराव धारणीला गेले. तिथं दुसऱ्या हिवाळ्यात त्या गेल्या. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. स्वतःला परतायला सोपी जागा राखून ठेवून अवघड काम केल्याच्या गोष्टी मी खूप ऐकल्या आहेत. या माणसानं काहीच राखलं नाही.

पण त्या परीक्षेच्या दिवशी आम्ही तसेच तिवशाच्या मोटारीत बसलो होतो. कागद मी मोटारीत वाचला. मास्तरच्या नजरेनं आधी चुका शोधल्या. एक नव्हती. वेलांटी-वेलांटी जागच्या जागी. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

गावात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. म्हातारी बाजेवरच होती. गुरुजींनी उंबरठ्यात उभं राहून, उजेडाकडे कागद धरून वाचला :

“मी लिहून देतो की, सदर तारखेस अर्जदार गोमाजी हा सकाळपासून कचेरीच्या कुंपणाबाहेर निंबाखाली बसला होता. तो जागा होता. मी त्याला खिडकीतून पाहिले. शिपायाने नाव आतूनच पुकारले, ते त्याला ऐकू जाणे शक्य नव्हते. गैरहजर असा शेरा मी लिहिला. तो खोटा आहे.”

“अजून वाच,” म्हातारी म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.

“अजून एकडाव.”

तिसऱ्यांदा वाचताना गुरुजींचा आवाज शाळेतल्यासारखा राहिला नाही. वाचून झाल्यावर म्हातारी बाजेवरून उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला. आमच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती लेकाच्या खांद्यावरून बाहेर बघत होती, अंगणात, जिथं पांढऱ्या उन्हाशिवाय मला काही दिसत नव्हतं.

“काहून बसले बाहीर उन्हात?” ती म्हणाली. “या नं आतमंदी.”

कागद छातीशी धरून गुरुजी उंबरठ्यावरून भिंतीकडे सरकले आणि वाट दिली.